शहाऐंशी नंबर आणि काकांची वही

शॉमबर्ग, इलिनॉय
१४ ऑगस्ट २००६

ती. श्रीरंगकाका,

नमस्कार. फोनवर तुम्ही दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणता आणि ईमेलचं नाव काढलं की तोंड फिरवता, म्हणून आज लंच टाइममध्ये पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून हातानं लिहितोय. अक्षराला हसू नका.

काल पद्मिनीताईशी बोललो. ती म्हणाली, "बाबांना वेड लागलंय. दर रविवारी टीव्हीसमोर बसून अमेरिकन फुटबॉलचा स्कोअर लिहितात." काका, खरं का हे? पुण्यात एकतीस वर्षं क्लबच्या क्रिकेट मॅचेसचे गुणलेखक होतात ते ठीक, पण या रानदांडग्यांचा स्कोअर? चेंडू नेमका कुणाच्या बगलेत आहे तेच मला सहा वर्षांत कळलेलं नाही.

पण विचारतोय ते चेष्टेनं नाही, कामच आहे. आमच्या ऑफिसात फॅन्टसी फुटबॉलची लीग असते. बारा जण. प्रत्येकानं आळीपाळीनं खरे खेळाडू निवडून कागदावर आपली टीम करायची, या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. मग रविवारी आपल्या खेळाडूनं चेंडू झेलला, तो घेऊन धावला की आपल्याला पॉइंट. पैसेबिसे नाहीत, जिंकणाऱ्याला प्लास्टिकचा कप. माझा बॉस ग्रेग ती चालवतो. या वर्षी एक जण सोडून गेला आणि ग्रेगनं मला विचारलं. मी हो म्हटलं!

हसाल, पण सोमवारी लंचला सगळे मॅचवर बोलत असतात आणि मी डबा घेऊन आपला उभा असतो. सहा वर्षं, काका. कोड माझं सगळ्यात चांगलं असतं, हे ग्रेगही म्हणतो. पण डिसेंबरात ग्रुप लीड नेमणार आहेत, आणि लीड तोच होतो ज्याच्याशी लोक जेवताना बोलतात.

ड्राफ्ट ३१ ऑगस्टला आहे. तुमच्या वहीत एखादा असा गडी आहे का, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही पण जो चालेल? इथे त्याला स्लीपर म्हणतात. निधीनं नमस्कार सांगितलाय.

तुमचा,
हेमचंद्र


एडिसन, न्यू जर्सी
२१ ऑगस्ट २००६

चि. हेमू,

आशीर्वाद आहेतच, पुढचं वाच. तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. लाल पेन्सिल इथे मिळाली नाही म्हणून वाचलास.

वेड लागलंय म्हणाली का ती? म्हणू दे. तुझी काकू गेल्यावर इथे आलो त्याला दोन वर्षं होतील. रविवारी ही मंडळी ओक ट्री रोडला भाजी आणायला जातात ती चार तास येत नाहीत. मी घरात एकटा. बॅगेत पुण्याहून आणलेली कोरी स्कोअरबुकं होती. कशाला आणली होती देव जाणे. टीव्हीवर बावीस माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. म्हटलं, बघू तरी हे मोजता येतं का. गेला अख्खा सीझन मी लिहून काढला आहे.

माझी पद्धत सांगतो, म्हणजे तुला पुढचं पटेल. पेपरात फक्त झेल छापतात. चेंडू हातात आला तर नोंद, नाही आला तर तो माणूस मैदानावर नव्हताच! अरे, असं कसं चालेल? मी चेंडू फेकणाऱ्याची मान बघतो. तो आधी कुणाकडे बघतो तिथे टिंब. अडचणीत आल्यावर कुणाकडे बघतो तिथे टिंबाभोवती गोल. चेंडू जावो न जावो, बघितलं ते मी मांडतो.

आता तुझा गडी. इथल्या टीव्हीवर दर रविवारी आमच्या इकडची एक टीम दाखवतात, बहुतेक वेळा हरते. तिच्यात बेकविथ नावाचा टाइट एंड आहे, नंबर शहाऐंशी. टाइट एंड म्हणजे रांगेच्या टोकाला उभा राहणारा धिप्पाड माणूस. त्याचं मुख्य काम समोरच्याला अडवणं, मधूनच सुटून झेलही घेणं. बेकविथ दुसऱ्या नंबरचा, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. पण शेवटच्या सहा मॅचेसमध्ये, तिसऱ्या प्रयत्नाला, म्हणजे आता नाही जमलं तर चेंडू गेला अशा वेळी, फेकणाऱ्यानं एकतीस वेळा त्याच्याकडे मान वळवली. एकतीस गोल आहेत माझ्या वहीत. इतर कुणाचे दहाच्या वर नाहीत. यंदा पहिल्या नंबरच्याचा गुडघा गेलाय, म्हणजे हाच खेळणार.

दोषही सांगतो. धावतो असा की पाठीवर गॅसचा सिलिंडर घेतलाय. गेल्या वर्षी एकही टचडाउन नाही, म्हणजे चेंडू घेऊन शेवटची रेघ एकदाही ओलांडली नाही. लवकर घेऊ नकोस, हसू होईल. तेराव्या-चौदाव्या फेरीत घे, तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही.

आणि माझ्या कागदावर खाडाखोड दिसली तर घाबरू नकोस. गुणलेखक खोडरबर वापरत नाही. चूक झाली तर तिच्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, आणि सही. चूक वाचता आली पाहिजे. लहानपणी तुला हे सांगितलं होतं, विसरला असशील.

कुणी विचारलं तर सांग, काकानं सांगितलं म्हणून.

श्रीरंगकाका


शॉमबर्ग
३ सप्टेंबर २००६

ती. काका,

कमाल झाली! तेराव्या फेरीत मी "बेकविथ" म्हटलं आणि सगळे म्हणाले, "कोण?" ग्रेग इतका हसला की त्याच्या नाकातून कोक आला. कुणीतरी म्हणालं, त्याच्या आईला तरी माहितीय का तो खेळतो ते.

मग मी एकतीस गोल सांगितले. तिसरा प्रयत्न, मान कुठे वळते, पहिल्याचा गुडघा, सगळं. काका, सगळे माझ्याकडे वळले. ग्रेगनं विचारलं, "हे तुला कुठून कळलं?" मी म्हटलं, घरचा अभ्यास आहे. तो म्हणाला, "मॅन, मी पंधरा वर्षं खेळतोय, हे कुणी मोजत नाही."

शुक्रवारी लंचला त्यानं स्वतःहून शेजारची खुर्ची ओढून दिली. हे वाचायला क्षुल्लक वाटेल. मला नाही वाटलं.

दर आठवड्याला तुमचा कागद पाठवाल का? सोमवारी टाकलात तर गुरुवारपर्यंत येतो. प्लीज. तुमच्याशिवाय मी आंधळाच आहे.

तुमचा,
हेमू


एडिसन
९ ऑक्टोबर २००६

चि. हेमू,

पाचवा कागद सोबत आहे. बेकविथचे पाच मॅचेसमध्ये चार टचडाउन! काल तर दोघं जण त्याच्या पाठीवर लटकलेले आणि हा आपला लायनीच्या पलीकडे. मी टाळी वाजवली. पद्मिनी स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मी पडलो.

आज पेपरात त्याचं नाव दोन ओळींत आलंय. कापून ठेवलं.

हेमू, एक विचारू? तुमच्या ऑफिसातल्या लोकांना माझ्याबद्दल सांगितलंस का? काय म्हणाले? असंच विचारतोय. इथे या खेळाबद्दल माझ्याशी कुणी बोलत नाही. जावई भला आहे, पण "बाबा, वेळ छान जातो ना तुमचा?" एवढंच विचारतो. वेळ घालवायला मी हे करत नाही रे. मला हा खेळ कळायला लागलाय. चौसष्टाव्या वर्षी एक नवी गोष्ट कळायला लागली आहे आणि ती सांगायला कुणी नाही.

पद्मिनी आणि मंडळी थँक्सगिव्हिंगला फ्लोरिडाला जातायत. मला बोटीवर वगैरे नाही जायचं. तुझ्याकडे दहा दिवस येऊ का? तुझ्या त्या ग्रेगला भेटता आलं तर बघ. क्लबचा निळा कोट बरोबर आणतो. खिशावरचा बिल्ला जरा उसवलाय, तो शिवून घेतो.

श्रीरंगकाका


शॉमबर्ग
२४ ऑक्टोबर २००६

ती. काका,

उशीर झाला, सॉरी. काम खूप आहे.

या, नक्की या. तिकीट मी पाठवतो. निधीनं तुमच्यासाठी खालची खोली आवरायला घेतलीय.

ऑफिसातल्यांना सांगितलंय तुमच्याबद्दल. ग्रेगनं नमस्कार सांगितलाय. पण थँक्सगिव्हिंगला इथे सगळे आपापल्या गावी जातात, त्यामुळे भेटीचं काही जमेलसं वाटत नाही. कोट कशाला आणताय, इथे घरात सगळे साधेच असतात.

आपण दुसऱ्या नंबरवर आहोत. ग्रेग आता मला प्रोफेसर म्हणतो. कागद पाठवत राहा.

हेमचंद्र


एडिसन
४ डिसेंबर २००६

चि. हेमचंद्र,

सुखरूप पोचलो. विमानात शेजारी एक शीख गृहस्थ होते, त्यांनी माझी बॅग वरून काढून दिली.

दहा दिवस कसे गेले कळलं नाही. निधीच्या हातची साबुदाण्याची खिचडी फार दिवसांनी खाल्ली, दाण्याचं कूट सढळ घालते ती. तिला सांग. तुमचं घर चांगलं आहे, उजेड आहे. तुझा बॉसही चांगला माणूस वाटला. मोठ्यानं हसतो.

या वेळी कागद पाठवत नाही. डोळे जरा दुखतात. वही पद्मिनीनं वर माळ्यावर ठेवून दिली आहे. तुझं आता चांगलं चाललं आहे, तुला त्याची गरजही नाही.

मनाला काही लावून घेऊ नकोस. मला राग वगैरे आलेला नाही. ऑफिसातल्या माणसांपुढे कसं वागायचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

श्रीरंगकाका


शॉमबर्ग
१० डिसेंबर २००६

ती. काका,

तुमचं पत्र आठ वेळा वाचलं. 'हेमू' लिहिलं नाहीत. हेमचंद्र लिहिलंत.

तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तुम्ही बोलत नाही आहात, तर मीच बोलतो. लिहिताना माझीच मला शिसारी येतेय, तरी लिहितो.

ड्राफ्टच्या दिवशी ग्रेगनं विचारलं, कुठून कळलं, तेव्हा मी 'घरचा अभ्यास' म्हटलं असं तुम्हाला लिहिलं होतं. ते खोटं. मी म्हटलं, "मी दर रविवारी बघून लिहून ठेवतो." मी. का म्हटलं माहीत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, सहा वर्षांत पहिल्यांदा. 'माझ्या काकांनी सांगितलं' एवढे तीन शब्द तोंडातून बाहेर पडले नाहीत. मग पुढे रोज ते जास्तच अवघड होत गेलं. तुमचे कागद मी इंग्रजीत उतरवून माझे म्हणून वाटत होतो. ग्रेगनं तुम्हाला नमस्कार कधीच सांगितला नव्हता. त्याला तुम्ही आहात हेच माहीत नव्हतं.

आणि तुम्ही त्या नमस्काराच्या भरवशावर आलात. कोट घेऊन.

सव्वीस नोव्हेंबरचा रविवार. मला वाटत होतं ग्रेग गावाला गेलाय. तो आला नेमका, आमच्याकडची शिडी परत द्यायला. टीव्हीवर मॅच चालू, तुमच्या मांडीवर वही उघडी. तुम्ही उठलात. कोटाचं बटण लावलंत. तुमचा चेहरा मला दिसत होता, काका. तुम्हाला वाटलं, ज्यानं नमस्कार पाठवला तो माणूस आला. ग्रेगनं वहीकडे बघितलं आणि म्हणाला, "व्हॉट्स धिस?" तुम्ही तोंड उघडलंत, आणि मी मध्ये पडलो. म्हटलं, "माझे अंकल. इंडियाहून आलेत. त्यांना यातलं काही कळत नाही, सवय म्हणून माझ्या वहीत गिरगटत बसतात."

माझी वही.

तुम्ही एक क्षण माझ्याकडे बघितलंत. मग ग्रेगकडे वळलात आणि म्हणालात, "धिस इज रग्बी, नो?"

ग्रेग खो खो हसला. आणि मी पण हसलो. बोललो ते एका बाजूला, पण मी हसलो, काका. ते हसणं माझ्या कानातून जात नाही. तुम्ही पेनाला टोपण लावलंत, वही मिटलीत, माझ्या हातात दिलीत आणि आत जाऊन कोट काढून ठेवलात. पुढचे चार दिवस टीव्ही लावला नाहीत. जाताना ती वही मागून घेतलीत, तीही निधीकडून.

निधी तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. म्हणाली, "तुला बापाच्या जागी असलेला माणूस, आणि शिडी आणणाऱ्यापुढे तू त्याला येडा ठरवलंस."

गेल्या मंगळवारी मला ग्रुप लीड केलं. ग्रेगनं सगळ्यांपुढे म्हटलं, "इतरांना जे दिसत नाही ते याला दिसतं." टाळ्या वाजल्या. मला बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं.

मला माफ करा असं म्हणायचीही लाज वाटते. ग्रेगला सांगायला रोज त्याच्या केबिनपर्यंत जातो आणि प्रिंटरवरून कागद उचलून परत येतो. मी काय करू, काका?

हेमू


एडिसन
१७ डिसेंबर २००६

हेमू,

राग आलेला नाही असं मी लिहिलं, ते खोटं होतं. खूप राग आला. अजून आहे.

तुला वाटतं मी रग्बी म्हटलं ते तुझी लाज राखायला. निधीलाही तसंच वाटलं, मी निघताना ती माझ्या पाया पडून रडली. तसं असतं तर मी मोठा माणूस ठरलो असतो. पण तसं नव्हतं. ऐक. मी त्या माणसापुढे उभा राहिलो, तुझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तुझ्या डोळ्यांत मला मी दिसलो. भर दुपारी घरात कोट घालून बसलेला म्हातारा, मांडीवर टिंबं काढलेली वही. मला वाटलं, हा बरोबर बोलतोय. मला काही कळत नाही. एकतीस वर्षं मी मैदानात बसलो, कॅप्टन लोक माझ्या टेबलापाशी येऊन आकडा विचारायचे, पंच माझ्याकडे बघून हात वर करायचे. ते सगळं एका क्षणात गेलं आणि मला माझीच लाज वाटली. म्हणून रग्बी म्हटलं. तू मला लपवलंस याचा राग आहेच. पण मीच मला लपवलं, ते तुझ्यामुळे, त्याचा जास्त आहे. ते मी माफ केलेलं नाही. पुढे करेन की नाही, आज सांगता येत नाही.

काय करू म्हणून मला विचारतोस! वा रे वा! लहानपणी पेन्सिली तासून द्यायचास तेव्हा तुला सांगितलं होतं, ऑगस्टातही लिहिलं होतं. परत लिहिणार नाही.

आता दुसरं. आज मॅच बघितली. वही नव्हती, नुसतीच बघितली. बेकविथचा डावा खांदा गेलाय. कुणी बोलत नाही, पेपरातही येणार नाही, येईल तर 'फिट' म्हणूनच येईल. पण तो आज अडवताना फक्त उजवा हात लावत होता, आणि डाव्या बाजूचे दोन चेंडू त्यानं हात न उचलता जाऊ दिले. फेकणाऱ्यालाही ते कळलंय. दुसऱ्या हाफमध्ये त्यानं एकदाही त्याच्याकडे मान वळवली नाही. पुढच्या रविवारी तुमची फायनल आहे असं पद्मिनीकडून कळलं. त्याला बसव. कुणालाही घे, पण त्याला खेळवू नकोस.

सगळे विचारतील, सगळ्यात चांगला गडी का बसवलास. काय सांगायचं ते तू बघ.

श्रीरंगकाका


शॉमबर्ग
२७ डिसेंबर २००६

ती. काका,

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. शुक्रवारी, बावीस तारखेला लंचला मी बेकविथला बसवल्याचं सांगितलं. सगळे ओरडले. "प्रोफेसर, वेडा झालास का?" ग्रेगनं विचारलं, "काय बघितलंस?"

मी म्हटलं, "मी काही बघितलेलं नाही. मी कधीच काही बघितलेलं नाही. माझ्या काकांनी बघितलं."

मग सगळं सांगितलं. ऑगस्टपासून. उभं राहून सांगितलं, कारण बसलो असतो तर थांबलो असतो. एकतीस गोल तुमचे, प्रत्येक सोमवारचा कागद तुमचा, वही तुमची. बोलता बोलता डब्याचं झाकण खाली पडलं. कुणी उचललं नाही. कुणी हसलंही नाही.

ग्रेगनं सँडविच खाली ठेवलं. म्हणाला, "तुझ्याकडे भेटले ते? रग्बीवाले?" मी हो म्हटलं. त्यानं सँडविच परत कागदात गुंडाळलं. मग म्हणाला, "आणि तू मला त्यांच्यावर हसू दिलंस." बस्, एवढंच. उठून गेला.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. छे! उलट आता अकरा जणांना माहितीय. ग्रेग मला प्रोफेसर म्हणत नाही, हेमचंद्र म्हणतो, तेही नीट उच्चार करून. लीडचं पद काढून घेतलेलं नाही, पण त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. शेजारची खुर्ची आता कुणी ओढून देत नाही. माझा मीच घेतो.

बेकविथनं रविवारी एकही चेंडू झेलला नाही. तुमचं बरोबर होतं. आम्ही तरीही चार पॉइंटनी हरलो, किक मारणारा गडी चुकला. तो मी स्वतः निवडला होता.

सोबत लीगचा कागद पाठवतोय. ब्रेक रूमच्या भिंतीवर चार महिने लावला होता, बारा टीम आणि समोर मालकाचं नाव. शुक्रवारी सगळ्यांसमोर तो काढला. माझ्या नावावर एकच रेघ मारलीय. खाली ते वाचता येतं, बघा. शेजारी तुमचं लिहिलंय आणि सही केलीय. तसाच परत भिंतीवर लावला, काल सीझन संपल्यावर उतरवला.

माफ कराल का?

हेमू

ता. क. कागदाबरोबर एक बंद पाकीट आहे. ते ग्रेगनं तुमच्यासाठी दिलंय. मी उघडलेलं नाही.


एडिसन
६ जानेवारी २००७

चि. हेमू,

कागद मिळाला. रेघ सरळ आहे. सहीखाली तारीख घालायची राहिली, ती मी घातली आणि वहीत ठेवला. वही माळ्यावरून खाली काढली, पद्मिनीला स्टूल धरायला लावून. ती विचारत होती, बाबा, डोळे बरे झाले का. म्हटलं, झाले.

ग्रेगचं पाकीट उघडलं. वर 'मिस्टर जोगळेकर' लिहिलंय, स्पेलिंग चुकलंय पण मिस्टर नीट लिहिलंय. दोन पानं आहेत. पहिल्या पानावर हसल्याबद्दल माफी मागितली आहे, सरळ, आढेवेढे न घेता. ते वाचून मला बरं वाटलं, आणि आपला पोरगा चार महिन्यांत जे बोलू शकला नाही ते या परक्यानं एका पानात लिहिलं म्हणून थोडं वाईटही वाटलं. दुसऱ्या पानावर प्रश्न आहेत. फेकणारा एकाकडे बघून दुसऱ्याला फसवत असेल तर टिंब कुणाला देता? अरे, इतक्या वर्षांत मला इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता! सहा पानं उत्तर लिहिलंय, इंग्रजीत, आकृत्या काढून. कोट घालून बसलो होतो लिहायला. हसू नकोस.

एक बातमी आहे. तुमच्या लीगमधला एक जण नोकरी बदलून चाललाय, जागा रिकामी होते आहे. ग्रेगनं विचारलंय, मी खेळीन का. ड्राफ्टच्या दिवशी फोनवरून निवड सांगितली तरी चालते म्हणाला. मी हो कळवलं आहे.

म्हणजे तुला आता सोमवारचा कागद मिळणार नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. बेकविथचा खांदा ऑगस्टपर्यंत बरा होईल की नाही याबद्दल माझं मत पक्कं आहे, पण ते तुला सांगणार नाही.

माफ केलं का, असं विचारलं आहेस. अजून नाही. एक कोरं स्कोअरबुक पार्सलनं पाठवतोय. रविवारी टीव्ही लाव, फेकणाऱ्याची मान बघ, आणि स्वतःच्या हातानं टिंबं काढ. वर्षभर काढ. मग ते घेऊन माझ्याकडे ये आणि मला दाखव, आणि तेव्हा विचार.

श्रीरंगकाका